कीळडीचा अहवाल कपाटातून बाहेर काढा

तमिळनाडूतल्या कीळडी गावच्या जमिनीतून हजारो वस्तू निघाल्या. त्यांत सोन्याचे दागिने आहेत, फासे आहेत, अकीकाचे मणी आहेत. पण यातलं सगळ्यांत मोलाचं काय, असं कुणी विचारलं तर मी मडक्यांच्या फुटक्या खापऱ्यांकडे बोट दाखवीन. त्यांतल्या काहींवर तमिळ-ब्राह्मी लिपीत, म्हणजे तमिळसाठी वापरलेल्या ब्राह्मीत, नावं कोरलेली आहेत. ‘आदन’, ‘कुविरन आदन’ अशी. ही राजांची नावं नव्हेत. त्यांत कुठली स्वारी नाही, कुठलं दान नाही, कुणाचा जयजयकार नाही. ज्याचं मडकं त्याचं नाव, एवढंच. लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यावर आपल्याकडे नाव घालून घेतात, तसं. अक्षरांची वळणंही एकसारखी नाहीत, म्हणजे ती एकाच हातची नाहीत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या वस्तीत बऱ्याच जणांना लिहिता येत होतं आणि ते लिहिणं राजदरबारापुरतं नव्हतं, ही बातमी खरं म्हणजे देशभरातल्या शाळांमधून सांगावी अशी आहे.

गेल्या दहा वर्षांत कीळडीहून आपल्यापर्यंत आलेल्या बातम्या मात्र बदल्यांच्या, परत पाठवलेल्या अहवालाच्या आणि दिल्ली-चेन्नईतल्या हमरीतुमरीच्या आहेत.

हे गाव मदुराईच्या आग्नेयेला साधारण बारा किलोमीटरवर, वैगई नदीजवळ, शिवगंगा जिल्ह्यात आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, म्हणजे एएसआयच्या बंगळूरच्या उत्खनन शाखेने २०१३-१४ मध्ये वैगईचं खोरं पालथं घातलं आणि २९३ जुन्या जागांची नोंद केली. त्यांतून कीळडीची निवड झाली, कारण तिथल्या नारळाच्या बागांखाली शंभरेक एकरांची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची जमीन, बरीचशी शाबूत होती. तमिळ प्रदेशात महापाषाणयुगीन, म्हणजे मोठमोठे दगड रचून केलेली, दफनं पुष्कळ खणली गेली आहेत. माणसं मेल्यावर कुठे गेली ते आपल्याला ठाऊक होतं, ती जिवंतपणी राहत कुठे होती हे फारसं ठाऊक नव्हतं. एएसआयचे पुरातत्त्वज्ञ अमरनाथ रामकृष्ण यांच्या देखरेखीखाली २०१५ मध्ये खणायला सुरुवात झाली आणि विटांची बांधकामं, भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी, पाणी वाहून नेणाऱ्या नाल्या असं सगळं वर येऊ लागलं. दफनभूमीही जवळच निघाली, कोंदगै या शेजारच्या गावात.

दोन हंगाम झाले आणि २०१७ मध्ये रामकृष्ण यांची बदली गुवाहाटीला झाली. तिसरा हंगाम नव्या अधिकाऱ्यांनी केला आणि आधीच्या बांधकामांचा सलग दुवा पुढे सापडत नाही, असं सांगितलं. एएसआयने हात आखडता घेतला. चौथ्या हंगामापासून, म्हणजे २०१८ पासून, तमिळनाडूच्या राज्य पुरातत्त्व विभागाने काम आपल्याकडे घेतलं आणि पुढे वर्षामागून वर्षं खणत राहिला. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्याने आपला पहिला अहवाल काढला. कोळशाचे सहा नमुने कार्बन-१४ वरून वय मोजायला अमेरिकेत फ्लोरिडातल्या प्रयोगशाळेत पाठवले होते. त्यांतला ३५३ सेंटिमीटर खोलीवरचा नमुना इ.स.पू. ५८० चा निघाला, दोनशे सेंटिमीटरवरचा इ.स.पू. २०५ चा. प्राचीन तमिळ साहित्याचा संगमकाळ इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून धरायची रीत होती, ती एका कोळशाने तीनशे वर्षं मागे ढकलली, असा गाजावाजा झाला.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. रामकृष्ण यांनी पहिल्या दोन हंगामांचा ९८२ पानांचा अहवाल जानेवारी २०२३ मध्ये एएसआयला सादर केला. त्यात वस्तीचे तीन कालखंड पाडले होते आणि सर्वांत जुना खंड इ.स.पू. आठव्या ते पाचव्या शतकाचा धरला होता. दोन वर्षं उलटली. मे २०२५ मध्ये एएसआयने तो दुरुस्तीसाठी परत पाठवला. तज्ज्ञांचे आक्षेप आहेत, कालखंडांची नावं बदला, सर्वांत जुन्या खंडाचं समर्थन होत नाही, असं त्यांना कळवलं. रामकृष्ण यांनी काळ बदलायला नकार दिला. थरांचा क्रम आणि कार्बनच्या तारखा यांवरूनच आपण तो ठरवला, असं त्यांचं उत्तर. जूनमध्ये त्यांची पुन्हा बदली झाली. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री गजेंद्रसिंह शेखावत यांनी आणखी शास्त्रीय पुरावा हवा, असं सांगितलं, आणि चेन्नईतून तमिळ संस्कृतीवर घाला घातल्याची ओरड झाली.

माझं म्हणणं साधं आहे. अहवाल जसा आहे तसा छापा. आक्षेप असतील तर तेही त्याच अहवालाच्या शेवटी, आक्षेप घेणाऱ्याच्या सहीनिशी छापा.

हे मी रामकृष्ण यांचा आठव्या शतकाचा दावा पटला म्हणून म्हणत नाही. तो मला घाईचा वाटतो. त्यामागे एक तांत्रिक अडचण आहे आणि ती दोन्ही बाजूंचे पुढारी कधी सांगत नाहीत. कार्बन-१४ ची मोजणी आली की ती थेट वर्षांत उतरत नाही, झाडांच्या वार्षिक कड्यांवरून बेतलेल्या एका वक्राशी ताडून पाहावी लागते. हा वक्र इ.स.पू. सुमारे ८०० ते ४०० या काळात जवळजवळ सपाट आहे. त्या चारशे वर्षांतले कुठलेही दोन कोळसे प्रयोगशाळेत जवळपास सारखंच उत्तर देतात. म्हणजे ‘५८०’ हा आकडा दिसतो नेमका, पण त्याच्या दोन्ही बाजूंना शतकांची ढिलाई असू शकते. कीळडीचं भांडण नेमकं याच सपाटीवर येऊन अडलंय, हा योगायोग तसा क्रूरच. ज्याला वस्ती जुनी हवी तो एका टोकाकडे ओढतो, ज्याला अलीकडची हवी तो दुसऱ्या.

दुसरी गोष्ट. प्रयोगशाळा वय सांगते ते कोळशाचं, त्याच्या शेजारी पडलेल्या खापरीचं नव्हे. लाकूड जुन्या झाडाचं असू शकतं. उंदीर-घुशी, खड्डे, नदीचा पूर यांनी थर वरखाली होतात. म्हणून तर एकेका खड्ड्याच्या कडेचं रेखाचित्र लागतं. कुठला थर कुठे संपतो, नमुना नेमका कुठून उचलला, त्याच पातळीवर आणखी काय निघालं, हे कळल्याशिवाय तारखेला काही अर्थ नाही. ही रेखाचित्रं, हे नकाशे, या नोंदी असतात कुठे? त्या ९८२ पानांत. ज्या पुराव्यावरून वाद मिटू शकेल तोच कुलूपबंद ठेवून, पुरावा अपुरा आहे, असं एएसआयने सांगत राहणं हा अजब प्रकार आहे.

यावर एक प्रतिवाद ऐकू येतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. एएसआयचा अहवाल म्हणजे सरकारी शिक्क्याचा दस्तऐवज. तो उद्या पाठ्यपुस्तकात जाणार, न्यायालयात दाखवला जाणार. मग तो तपासून घेणं हे खात्याचं कर्तव्य नाही का? तज्ज्ञांना अहवाल दाखवणं ही नेहमीची पद्धत आहे, असं एएसआयचंही म्हणणं आहे. पद्धत असेल. पण तपासणी म्हणजे शुद्धलेखन, नकाशांची प्रत, आकड्यांचा मेळ. ज्याने जमीन खणली त्याचा निष्कर्षच बदलून मागणं ही तपासणी नव्हे. खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही. उत्खनन हा असा प्रयोग आहे की तो करता करताच पुरावा नष्ट होतो, मागे उरतो तो खणणाऱ्याने लिहिलेला कागद. त्या कागदावर त्याचा निष्कर्ष चुकीचा असेल तरी तो त्याचाच राहू द्यावा आणि चूक दुसऱ्याने दाखवून द्यावी.

आपल्याच दायमाबादचं घ्या. प्रवरेच्या काठी, तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, १९७४ मध्ये गावकऱ्यांच्या हाती अचानक चार ब्राँझची शिल्पं लागली. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा, रेडा. चारही मिळून साठ किलोंच्या वर वजन. ती उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातली, आहेत असं मधुकर ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी मांडलं. धातूत आर्सेनिकचं प्रमाण जास्त आहे, ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंशी ते जुळत नाही, म्हणून डी. पी. अगरवाल यांनी शंका घेतली. हा वाद पन्नास वर्षं झाली तरी पुरता मिटलेला नाही आणि त्याने कुणाचं बिघडलं नाही. दोन्ही बाजू छापून आल्या आहेत, विद्यार्थी दोन्ही वाचतात. दायमाबादचं पुढचं उत्खनन एएसआयनेच केलं, १९७६ ते १९७९ मध्ये, आणि सात वर्षांत, १९८६ ला, त्याचा अहवाल काढला. घोड नदीकाठच्या इनामगावचा डेक्कन कॉलेजने काढलेला अहवालही असाच. तो १९८८ मध्ये निघाला, पुढच्या अभ्यासकांनी त्यातल्या काही निष्कर्षांना आव्हान दिलं, आणि ते देता आलं ते त्याच अहवालातल्या नोंदींच्या आधारावर.

अर्थात एएसआयचा सगळाच कारभार दायमाबादसारखा नाही. राजस्थानातल्या कालीबंगनला १९६० ते १९६९ खोदाई झाली. पहिला खंड २००३ मध्ये निघाला, दुसरा २०१५ मध्ये. तोवर खणणाऱ्यांची एक पिढी निवृत्त होऊन गेली होती. तमिळनाडूतच ताम्रपर्णीकाठच्या आदिच्चनल्लूरला जर्मन आणि ब्रिटिश मंडळींनी एकोणिसाव्या शतकापासून खणलं. २००४-०५ मध्ये एएसआयने पुन्हा खणून दफनाचे दीडशेवर रांजण काढले, पण सविस्तर अहवालासाठी दीड दशक वाट पाहावी लागली. तेव्हा कीळडीचा विलंब हा केवळ तमिळद्वेषातून झाला, असं मी म्हणणार नाही. खात्याची ती जुनी खोड आहे. पण जुन्या खोडीला कधी कधी सोय सापडते. उत्तर प्रदेशातल्या सिनौलीला २०१८ मध्ये दफनांबरोबर भरीव चाकांचं वाहन निघालं, तेव्हा तो ‘रथ’ आहे ही घोषणा व्हायला अहवालाची वाट पाहावी लागली नाही. काही महिन्यांत ती टीव्हीवर होती. भरीव चाकांच्या त्या वाहनाला रथ म्हणावं की बैलगाडी, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. तिथे जी घाई चालली आणि इथे जी काटेकोर चाळणी लागली, त्या दोन्ही एकाच खात्याच्या आहेत. तमिळ माणसाला त्यात दुजाभाव दिसला तर त्याला दोष कसा द्यायचा?

चेन्नईच्या सरकारलाही मी मोकळं सोडणार नाही. राज्य विभागाने काम चांगलं केलं, वेगाने अहवाल काढले, मार्च २०२३ मध्ये कीळडीला चेट्टिनाड धाटणीचं देखणं संग्रहालय उभं केलं. हे सगळं अनुकरण करावं असं. पण तिथेही निष्कर्ष आधी मुख्यमंत्र्यांच्या तोंडून जाहीर होतात आणि शास्त्रीय चर्चा मागून लंगडत येते. तमिळनाडूतल्याच शिवगळैच्या दफनरांजणातल्या भाताचं वय इ.स.पू. ११५५, मयिलाडुंपारैचं लोखंड इ.स.पू. २१७२, मग जानेवारी २०२५ मध्ये शिवगळैचंच लोखंड थेट इ.स.पू. ३३४५! दर खेपेला आकडा मागे सरकतो आणि दर खेपेला व्यासपीठावर घोषणा होते. शेवटचा आकडा टिकला तर जगाच्या धातुविद्येचा इतिहास नव्याने लिहावा लागेल. इतका मोठा दावा करताना बाहेरच्या, अगदी तमिळनाडूशी काही देणंघेणं नसलेल्या माणसांकडून तो ठोकून-ठोकून घ्यायला नको का? खापऱ्यांवरच्या खुणा सिंधू लिपीतल्या चिन्हांसारख्या दिसतात म्हणून दोन्हींच्या भाषेचं नातं जोडण्याची घाईही तशीच. त्रिशूळासारखी किंवा शिडीसारखी खूण जगात कुणीही काढेल. त्याच जानेवारीत सिंधू लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस लागलं. कल्पना गमतीची आहे, पण बक्षिसाने पुरावा वाढत नाही.

आणि एक दावा तर वारंवार कानावर येतो. कीळडीत देवाची मूर्ती नाही, पूजेची वस्तू नाही, म्हणजे ते लोक धर्माच्या कटकटीतून मुक्त होते. शंभर एकरांच्या पांढरीचा थोडासाच भाग खणला गेलाय. त्यात विहिरी, भिंती, सूत कातण्याच्या चात्या, हाडांची टोकदार हत्यारं निघतात, म्हणजे आपण बहुधा कारागिरांच्या आळीत उभे आहोत. तिथे देऊळ सापडलं नाही यावरून अख्ख्या समाजाची श्रद्धा ठरवायची? लाकडाचा, मातीचा, झाडाखालचा देव दोन हजार वर्षं टिकतो थोडाच. द्रविड चळवळीच्या विवेकवादाचा मला आदर आहे. त्याची मुळं विसाव्या शतकात घट्ट आहेत, ती इ.स.पू. सहाव्या शतकात रोवायची गरज नाही.

ही सगळी चूक केवळ तमिळांची म्हणून हसायला मराठी माणसालाही जागा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळेपर्यंत आपणही नाणेघाटाचा लेख आणि सातवाहनांची नाणी हातात धरून वय सिद्ध करतच होतो. प्राचीनत्वाचं प्रमाणपत्र दिल्लीतून आणायचं आणि त्यावर अनुदान, अध्यासन, अस्मिता उभी करायची, हा खेळ सगळ्या भाषांना लावून दिला गेलाय. २००४ मध्ये तमिळला पहिला मान मिळाला आणि मग रांग लागली. वय हीच पत ठरली की खापरी ही कुणाच्या तरी घरातली वस्तू राहत नाही, दाव्याचा कागद होते.

तशी त्या नाण्यांचीच एक वेगळी गोष्ट आहे. सातवाहनांच्या काही चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत लेख आहे आणि दुसऱ्या बाजूला तमिळच्या जवळची द्राविडी भाषा. दख्खनच्या राजांना दोन्ही भाषांत व्यवहार करण्यात काही वावगं वाटत नव्हतं. कीळडीतही २०२१ मध्ये चांदीचं आहत, म्हणजे ठसे मारून केलेलं, नाणं निघालं, गंगेच्या मैदानापासून दक्षिणेपर्यंत चालणाऱ्या प्रकारचं. अकीकाचा दगड पश्चिम भारताकडचा. शिवाय रोमन जगाशी नातं सांगणारी मातीची भांडी. ‘स्वतंत्र’ आणि ‘स्वयंभू’ तमिळ संस्कृती शोधणाऱ्यांची यात अडचण होते, आणि सगळं उत्तरेकडूनच खाली झिरपलं म्हणणाऱ्यांचीही. वैगईकाठच्या माणसांनी बाहेरून बरंच घेतलं आणि ते स्वतःच्या हिशेबाने वापरलं.

कीळडीच्या कामाशी पुण्याचाही थेट संबंध आहे. तिथली हाडांची सत्तर नमुन्यांची खेप तपासायला डेक्कन कॉलेजकडे आली होती. गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी यांचा वाटा निम्म्याहून अधिक निघाला, बाकीत नीलगाय, काळवीट, रानडुक्कर, मोर. काही हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या. म्हणजे शेती, दूधदुभतं, गाडी ओढणं आणि अधूनमधून शिकारीचं मटण. हे काम कुणी मोठ्याने जाहीर केलं नाही, त्यावर कुणी मोर्चा काढला नाही. मला मात्र इ.स.पू. ५८० पेक्षा या यादीतून ती वस्ती जास्त दिसते. कोंदगैच्या कवट्यांवरून चेहरे उभे करण्याचं काम मदुराई कामराज विद्यापीठ आणि लिव्हरपूलच्या तज्ज्ञांनी केलं, तेही याच जातीचं. त्या चेहऱ्यांवरून लगेच ‘हे कुठल्या वंशाचे’ असं विचारणारे निघालेच, तो भाग सोडा.

लिपीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे आणि म्हणूनच जास्त रसाळ. अशोकाचे लेख इ.स.पू. तिसऱ्या शतकातले. ब्राह्मी तिथून दक्षिणेत गेली असं बहुतेकांचं मत होतं. इरावतम महादेवन यांच्यासारख्या जाणत्या लिपितज्ज्ञांनी तमिळ-ब्राह्मीचा आरंभ त्याच सुमाराला धरला होता. कीळडी आणि तमिळनाडूतल्याच पोरुंदल, कोडुमणल इथल्या तारखा खऱ्या ठरल्या तर ती अशोकाआधी दोनशे-तीनशे वर्षं दक्षिणेत रुळलेली असणार. मग तिला तिथे कुणी नेलं? व्यापाऱ्यांनी? जैन साधूंनी? की हा प्रवास उलट्या दिशेने झाला? अशोकाने लेख कोरवले ते राजाज्ञा म्हणून, कीळडीच्या माणसाने कोरलं ते आपल्या मडक्यावरचं नाव. लिपी आधी बाजारात आणि मग दरबारात पोचली असेल, तर अक्षरओळख वरून खाली उतरली ही आपली समजूतच बदलावी लागेल. हा प्रश्न तमिळ विरुद्ध हिंदी असा नाहीच. महाराष्ट्रातल्या लेण्यांमध्ये सुतार, लोहार, धान्याचे व्यापारी आपापल्या नावाने दान नोंदवतात, त्या जगाशी त्याचा जवळचा संबंध आहे. पण याचं उत्तर शोधायचं तर एकेक लेखयुक्त खापरी कुठल्या खड्ड्यात, कुठल्या थरात, कुठल्या कोळशाच्या वर की खाली सापडली याची यादी हवी.

राज्याने आपल्या हंगामांची माहिती बरीच उघडी केली आहे. एएसआयची पहिल्या तीन हंगामांची माहिती मिळाली तर दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील. २०१६-१७ च्या हंगामात बांधकामाचा दुवा सापडत नाही म्हणाले, आणि पुढे राज्याच्या खड्ड्यांत विटांच्या भिंती पुन्हा दिसल्या. मग तिसऱ्या हंगामाचे खड्डे नेमके कुठे घेतले होते, किती खोल गेले, वस्तीच्या कडेला होते की मधोमध? याचं उत्तर कुणाच्या निष्ठेवर अवलंबून नाही, ते एका नकाशात आहे. तो नकाशा सरकारी पैशाने काढलाय. त्या बागांच्या मालकांनी जमीन खणायला दिली आणि खड्डे बुजवून परत घेतली. निदान त्यांच्या पोरांना आपल्या नारळांखाली काय होतं ते एएसआयच्या संकेतस्थळावर फुकटात वाचता यावं.